गॅलरीतलं वारूळ

"ही सालं मी गाडीत टाकणार न्हाई," अक्का म्हणाली.

खाली रस्त्यावर घंटागाडी येऊन थांबली होती. गाडीबरोबरची बाई वर बघून घंटा वाजवत होती आणि अक्का पहिल्या मजल्याच्या गॅलरीत बादली पोटाशी धरून उभी होती. बादलीत दोडक्याची सालं, कोथिंबिरीच्या काड्या आणि मक्याच्या कणसांची पानं होती.

"आजी, टाकताय का जाऊ?"

"जा बाई तू. कचरा न्हाई हा, खाणं हाय."

"कुणाचं खाणं?"

अक्कानं क्षणभर विचार केला. "म्हशीचं," ती म्हणाली.

त्या बाईनं आमच्या इमारतीकडे खालपासून वरपर्यंत एकदा पाहिलं. म्हैस कुठं दिसेना. मग तिनं हसून गाडी पुढे काढायला सांगितलं. मी दारामागे उभा राहून हे ऐकत होतो. बाहेर जाऊन काही बोलावं असं वाटलं, पण काय बोलावं ते सुचेना, म्हणून पेपर वाचायला बसलो.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, हौसाक्का. भाऊजी गेल्यावर ती कराडला माझ्याकडे चार दिवस म्हणून आली, त्याला बरेच महिने झाले होते. मी आदल्याच वर्षी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालो होतो. माझं लग्न राहूनच गेलं. अक्का त्याचं कारण लोकांना असं सांगायची, "पोरगी बघाय गेलो तर ह्यो त्यांच्यातलं पुस्तकांचं कपाट बघत बसला. चहा पोरीनंच दिला, तर म्हणतोय, ठेवा तिथं." हे खरं होतं. ते कपाट चांगलं होतं.

दोन खोल्यांचं घर, त्यातली दीड पुस्तकांची. अक्का आल्यापासून त्या घरात एक गोष्ट नवी घडू लागली होती. मी संध्याकाळी फिरून परत आलो, की आतून आवाज यायचा, "आलास?" मी म्हणायचो, "आलो." बस, एवढंच. पण त्या एका शब्दासाठी मी कधीकधी उगाच कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचो.

आणि तिचा मुलगा उत्तम फोनवर म्हणाला होता, "मामा, नागपंचमी झाली की दुसऱ्या दिवशी आईला न्यायला येतो."

"बरं," मी म्हणालो होतो.

दुसरं काय म्हणणार? तिकडे तिचं घर होतं, नातवंडं होती, अंगण होतं, गोठा होता. उत्तम चांगला मुलगा, सूनही चांगली. माझ्याकडे काय होतं? तिनं राहावं असं मला फार वाटत होतं, पण कुणाकडे काही मागणं मला कधी जमलेलंच नाही. मुदत उलटलेली पुस्तकं परत मागायचीसुद्धा मला चोरी वाटे. त्यात अक्का येता-जाता म्हणायची, "हितं हाताला काम न्हाई बाबा. सकाळपास्नं हात नुसतं मांडीवर." मला वाटायचं, ती जायचंच बोलते आहे.

सालांची बादली तशीच उभी राहिली तेव्हा मला एक पुस्तिका आठवली. घरच्या घरी गांडूळखत करण्यावरची. मी ती कपाटातून काढली आणि दोनदा वाचली. हाताला काम मिळेल, सालांचा प्रश्न मिटेल, आणि जितराब म्हटलं की अक्काचा पाय निघणार नाही, असा मी हिशेब केला. गोठ्यातली एक म्हैस आजारी होती म्हणून ती एकदा सख्ख्या भाचीच्या लग्नालाही गेली नव्हती. गांडुळं म्हशीच्या मानानं फारच लहान, हे मला कळत होतं. पण गॅलरीत दुसरं काय मावणार?

आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे लेंगरे सर गांडूळखत करत. त्यांच्या घरी गेलो आणि अर्धा तास उसाच्या भावाबद्दल बोलून मग विषय काढला.

"एवढंच ना? मग इतका वेळ उसाचं दळण का दळत होता?" ते म्हणाले. त्यांनी ओंजळभर गांडुळं त्यांच्याच खतात गुंडाळून कापडी पिशवीत घालून दिली. "टबाला खाली भोकं पाडा. तळाला नारळाच्या शेंड्या, वर जुनं शेणखत, ओले करून पिळलेले कागद. वरून गोणपाट. अंधार पाहिजे आणि ओल पाहिजे, पण चिखल नको. आंबट नको, मीठ नको, तेलकट नको, दूधदुभतं तर अजिबात नको. आणि सुरुवातीला थोडंच खायला द्या. बिचकतात ती नव्या घरात."

"मीही बिचकलोय," मी म्हणालो.

"ते दिसतंय," सर म्हणाले.

टब विटांवर ठेवला, सगळं पुस्तिकेत होतं तसं केलं. अक्का उंबऱ्यात उभी राहून बघत होती.

"हे काय आणलंस?"

"गांडुळं."

"मासं धराय जाणार हाईस?"

"नाही. पाळायला."

"पाळायला," ती म्हणाली. तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता हसेल. पण ती हसली नाही. नुसतीच मान हलवून आत गेली आणि भाकरी थापायला बसली. त्या भाकऱ्यांचा आवाज जरा जास्तच मोठा वाटला मला. गांडुळांची किळस आली असेल, असं मी धरून चाललो.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर टब सालांनी काठोकाठ भरलेला. अक्का कंबरेवर हात ठेवून समाधानानं उभी.

"अक्का, एवढं नाही लागत त्यांना."

"खाऊ द्यात की. नव्या घरात आल्याती, पोटभर घालाय नगं?"

चार दिवसांत टबाला वास सुटला, घरभर चिलटं झाली. खालच्या मजल्यावरच्या कुंभोजेबाईंनी जिन्यात मला गाठून विचारलं, "तुमच्याकडे काही मेलंय का हो?" मी "नाही, जगवतोय," म्हणालो आणि पटकन वर आलो. लेंगरे सरांना फोन केला. म्हशीचं माप गांडुळांना लावू नका, असा त्यांचा निरोप मी अक्काला दिला. तिनं तो मुकाट ऐकला, जादाची सालं काढली, कोरडे कागद घातले, आणि मग टब हळूहळू ताळ्यावर आला. गोणपाट उचललं की पावसानंतरच्या रानासारखा वास यायचा. अक्का डोळे मिटून तो वास घ्यायची.

माझा बेत जमतोय असं मला वाटू लागलं होतं, तेवढ्यात एक वेगळीच गोष्ट सुरू झाली. अक्का स्वतः टबाला हात लावेना.

"तूच घाल सालं," ती म्हणायची. "तुला सवय व्हाय पायजे."

मी सालं घालायचो, ती शेजारी उभी राहून बघायची आणि प्रश्न विचारायची. "उन्हाळ्यात ह्यांचं कसं करायचं? पाणी किती शिंपडशील? कुठं गावाला गेलास तर कोण बघंल?" मी पुस्तिकेत बघून उत्तरं द्यायचो. बरोबर उत्तर आलं की ती मान डोलवायची, पण तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसत नसे. तिचा जीव काही ह्यांच्यात अडकत नाही, माझा हा उद्योग फुकट गेला, असं मी मनाशी म्हणायचो. मग रात्री पुस्तकात तोंड घालून झोपायचो.

पंचमी जवळ आली. अक्कानं घर धुऊन-पुसून काढलं, रद्दीवाल्याला बोलावून सगळे जुने पेपर देऊन टाकले. मग म्हणाली, "वारूळ कुठं हाय रं हितं?"

गावाकडे पंचमीला बायका नटूनथटून गाणी म्हणत रानातल्या वारुळाला जातात. आमच्या कॉलनीत वारूळ कुठून येणार? तरी मी दोन-तीन ठिकाणी विचारलं. किराणा दुकानदाराला मी काय विचारतोय तेच समजलं नाही. त्यानं मला मुंग्यांची पावडर काढून दाखवली.

"नाही गं मिळालं," मी घरी येऊन सांगितलं.

"ऱ्हाऊ दे. करीन काय तरी मी."

पंचमीच्या आदल्या दिवशी बायका भावासाठी उपास करतात. अक्का लग्न झाल्यापासून माझा उपास दर वर्षी करत आली होती. मला हे ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं. तिकडे ती उपाशी असायची तेव्हा इकडे मी खाणावळीत नेहमीसारखा जेवत असायचो. त्या दिवशी पहिल्यांदा तो उपास माझ्या डोळ्यांसमोर चालला होता. तिनं मला पानावर बसवलं, भाकरी वाढली, आणि स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन समोर बसली. मी भाकरीचा तुकडा मोडून तसाच हातात धरला.

"जेव की."

"तू उपाशी आणि मी..."

"आरं, तुझ्यासाठी करते ना उपास? मग तूच न्हाई जेवलास तर माझं उपाशी ऱ्हाणं वाया न्हाई का गेलं? घे अजून आमटी."

मी घेतली. आता अक्का नाही. पण पंचमीच्या आदल्या दिवशी जेवताना मी अजून एक वाटी आमटी जास्त घेतो.

पंचमीच्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून बाहेर आलो तर गॅलरीत उदबत्तीचा वास. टबाच्या काठाला हळदीकुंकवाची बोटं, वर दोन जास्वंदी, ज्वारीच्या लाह्या. अक्का हात जोडून, डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. शेजारी दुधाचं भांडं. ते रिकामं होतं.

"अक्का, दूध?"

"घातलं की नागोबाला."

"ती गांडुळं आहेत!"

"मातीतला जीव तो मातीतला जीव. नागोबाचीच पिल्लावळ ती. वारूळ न्हाई तर हेच वारूळ."

सरांनी सांगितलेलं मी तिला सगळं सांगितलं होतं, फक्त दुधाचं सांगायचं राहिलं होतं. गांडुळांना कुणी दूध घालेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आता सणाच्या दिवशी, तिच्या पूजेनंतर, काय बोलणार? थोडं दूध पडलं तर काही होत नसेल, अशी मी स्वतःची समजूत काढली. पुरणाची दिंडं खाल्ली. त्या दिवशी आमच्यात काही चिरत नाहीत, कापत नाहीत, तवा ठेवत नाहीत. सगळं उकडलेलं. आणि माती तर मुळीच उकरत नाहीत. नांगर उभा, कुदळ आडवी.

दुपारी मी गोणपाट उचललं. आतून आंबूस वाफ आली. गांडुळं टबाच्या भिंतीवर चढत होती. काही काठावर आली होती, काही फरशीवर पडून तळमळत होती.

"अक्का! मरताहेत ही!"

ती धावत आली. तिनं बघितलं आणि तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. "माझ्या दुधानं?"

"जास्त झालं असेल. सगळं खालीवर करून कोरडं घालायला हवं." मी खुरपं घेतलं.

तिनं माझा हात धरला. "न्हाई. आज उकरायचं न्हाई."

"अगं, पण मरतील ती."

"आणि तुझ्या हातनं पातं लागून तुटलं एखादं तर? पंचमीला? कालचा उपास कुणासाठी केला मी?" तिला गांडुळंही वाचवायची होती आणि मलाही. एकाला वाचवायला दुसऱ्यासाठीचं व्रत मोडायचं, हे तिच्यानं होईना.

मी खुरपं खाली ठेवलं. वाद घालणं मला जमत नाही, पण वाचलेलं आठवतं. "अक्का, ती आपणहून बाहेर आली तर चालेल?"

"आपणहून येणाऱ्याला कोण अडवणार?"

"मग केळी सोलू आपण."

उपासाची म्हणून आणलेली केळी होती. आम्ही दोघांनी दोन ठेवून बाकीची सोलली. सोलणं म्हणजे कापणं नव्हे, असा निर्वाळा अक्कानंच दिला. सालं टबात वर पसरून गोणपाट टाकलं. कपडे भिजवायचं घमेलं पुसून तयार केलं, शेंड्या घातल्या. आता कागद हवे होते, ओले करून पिळलेले, पुष्कळ. आणि घरात कागद नव्हता. रद्दी गेली होती.

म्हणजे, एक गठ्ठा होता. रविवारच्या पुरवण्यांचा. निवृत्त झाल्यावर सावकाश वाचू म्हणून मी नोकरीभर सांभाळून ठेवलेल्या, दर वर्षाच्या वेगळ्या बांधलेल्या, कापूर घातलेल्या. पुस्तकाचं पान दुमडणाऱ्या विद्यार्थ्याकडे मी दिवसभर दुःखी नजरेनं बघत असे. मी तो गठ्ठा आणून गॅलरीत ठेवला आणि दोरी सोडली.

"त्या नगं," अक्का म्हणाली. "त्या तुझ्या वाचायच्या हाईत."

मी पहिली पुरवणी फाडली. कागद जुना, कडक झालेला. आवाज मोठा आला. मग दुसरी फाडली. मग बघितलंच नाही कुठली आहे ते.

अक्का थोडा वेळ माझ्या हातांकडे बघत राहिली. मग खाली बसली आणि पट्ट्या बादलीत भिजवून पिळू लागली. मी फाडायचो, ती पिळायची. मध्ये उठून गोणपाट उचलायचो. सालांच्या खाली गांडुळं जमत होती, गुच्छच्या गुच्छ. साल उचलून घमेल्यात ठेवलं, की ती गपकन कागदांत शिरायची. फरशीवरची मी बोटांनी उचलली.

"अक्का, एवढं दूध कशाला गं ओतलंस?"

ती पिळत राहिली. "मोठं मागणं हुतं. वाटीभर दुधात कसं व्हईल?"

"काय मागितलंस?"

"ह्यास्नी म्हटलं, मी उद्या जाते. माझ्या भावापाशी आता तुमीच. त्याला बोलाय येत न्हाई, तुमालाबी बोलाय येत न्हाई, जमंल तुमचं."

मी फाडायचा थांबलो.

"असा काय बघतोस? तू पाळाय आणलीस, तवाच वळखलं मी. आमच्यात म्हैस जायची झाली, की आधी गोठ्यात रेडकू आणून बांधत्यात. खुटा रिकामा ठेवत न्हाईत. म्हटलं, ह्यानं माझ्या जाण्याची तयारी केली. बोलला न्हाई, पर केली. मग म्हटलं, निदान नीट सांभाळाय तरी शिकवून जावं."

"मी ती तुझ्यासाठी आणली होती," मी म्हणालो.

"माझ्यासाठी? गांडुळं?"

"हाताला काम नाही म्हणत होतीस ना."

ती माझ्याकडे बघत होती. मी घमेल्याकडे. पुढचं वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, पण तिथून पुढे ते काही सरकेना.

अक्कानं हातातला कागद पिळून घमेल्यात टाकला. "उत्तम उद्या यील," ती म्हणाली. "जे काय हाय ते त्याला सांग. मी न्हाई मधी बोलणार. उभ्या जन्मात तुझ्या वाटचं लई बोललेय मी."

दुसऱ्या दिवशी उत्तम सकाळीच आला. अक्कानं बॅग भरून दाराशी ठेवली होती, मला दिसेल अशी. ती स्वयंपाकघरात गेली, ती बाहेर आलीच नाही.

मी उत्तमला पाऊस विचारला. ऊस विचारला. मुलांची शाळा विचारली. चहा झाला. घमेल्यातली गांडुळं शांत झाली होती, ती दाखवली. तो "भारीच की मामा" म्हणाला आणि घड्याळ बघून उठला. त्यानं बॅगेला हात घातला.

"उत्तम," मी म्हणालो. "अक्काला राहू दे."

"काय म्हणालात?"

नेमकी तेव्हाच खाली घंटागाडी आली होती, आणि ती बाई अशी घंटा बडवत होती की मला माझाच आवाज ऐकू आला नाही. आतून अक्काचा आवाज आला, "काय म्हणला गं बाई? मला न्हाई ऐकू आलं."

एवढ्या गोंगाटात तिनं बोललेलं मला स्वच्छ ऐकू येत होतं, आणि मी बोललेलं तिला ऐकू येत नव्हतं.

मी उभा राहिलो. "अक्काला इथंच राहू दे!" मी ओरडलो. "मला ती इथं हवी आहे!"

घंटा थांबली होती. ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. माझा आवाज गल्लीभर गेला. खालून ती गाडीवरची बाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की मग! कोन न्हाई म्हनतंय?"

उत्तम हसला. "मामा, मी आईला फोनवरच विचारलं होतं, राहतीस का म्हणून. म्हणाली, त्यानं म्हटलं तर राहीन. म्हणून तर पंचमीपर्यंत थांबलो."

पदराला हात पुसत अक्का बाहेर आली. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. उत्तमच्या हातातली बॅग काढून घेतली, आत नेऊन ठेवली, आणि येताना उरलेली दोन केळी घेऊन आली.

"एवढ्या लांबनं आलाईस, खाऊन जा," ती त्याला म्हणाली. "आणि साल टाकू नगंस. हिकडं दे."